मिरीचे चार बूट

बाळ, जरा मनात आणून बघ. एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना तुझ्या कमरेइतके बर्फाचे ढीग आहेत आणि ते पांढरे राहिलेले नाहीत, जुन्या पायपुसण्यासारखे मळके झाले आहेत. मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी फुटपाथची पट्टी खरवडून काढली आहे. दुपारचे चार वाजले आहेत, पण उजेड असा आहे की कुणीतरी दिवा बारीक करून ठेवलाय. त्या पट्टीवरून एक म्हातारी चालली आहे. तिच्या मागे नऊ वर्षांची मुलगी आहे आणि दोघींच्या मध्ये दोरीला बांधलेली एक कुत्री आहे, मांजराहून थोडी मोठी, काळी कुळकुळीत. आता तिच्या पायांकडे बघ. चारही पायांत लाल बूट आहेत. हसू येतंय ना? त्या म्हातारीलाही पहिल्या दिवशी आलं होतं. थोडं हसून घे, मग पुढे चल, कारण आता एक बूट निघणार आहे.

तो निघाला अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या त्या गल्लीतल्या निळ्या दाराच्या घरासमोर. मागचा उजवा. वेल्क्रोची पट्टी बर्फाने भिजून सैल झाली होती. मिरी दोन पावलं तशीच गेली, मग थबकली आणि उघडा पाय पोटाशी धरून उभी राहिली. जाईबाईंनी वाकून बूट उचलला. गुडघ्यात कळ आली, तरी त्या तशाच उकिडव्या बसल्या, आणि मग पुढचं सगळं फार पटकन झालं. त्यांनी मिरीच्या दुसऱ्या मागच्या पायाचा बूट काढला. मग पुढचे दोन. मिरीने एकेक पाय आपणहून उचलून त्यांच्या हातात दिला, घरी गेल्यावर देते तसा. चारही बूट एकात एक खोचून त्यांनी कोटाखाली काखेत दाबले, उठल्या, मान खाली घातली आणि त्या घरासमोरून भराभर चालायला लागल्या. सात-आठ पावलं गेल्या असतील. मागे मिरी कण्हली. फुटपाथवर ताजं मीठ पसरलेलं होतं, बर्फ वितळावा म्हणून इथे टाकतात ते जाड खडे, आणि थंडीने आधीच भेगाळलेल्या तिच्या तळव्यांत ते शिरत होते. ती तव्यावर ठेवल्यासारखी एकेक पाय उचलत होती.

"आजी," मैत्री म्हणाली, "ओन्ली वन केम ऑफ. तू चारही का काढलेस?"

जाईबाई थांबल्या. काखेतले बूट ओले होते आणि त्यांचा गारवा स्वेटरमधून बरगडीपर्यंत आला होता. खरंच, का काढले? एक सैल झाला होता, तो पुन्हा घालायचा, पट्टी घट्ट ओढायची, एवढंच काम होतं. बर्फ पडायला लागल्यापासून त्या रोज ते करत आल्या होत्या. मान वर करून त्यांनी निळं दार पाहिलं, दाराशेजारचं टपालाचं खोकं पाहिलं, मैत्रीच्या मैत्रिणीने 'सावनी' असं रंगीत खडूने लिहिलेलं. चौतीस वर्षं भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई होत्या त्या. त्यांच्या वर्गाचा एकच नियम होता, आणि इथे मुलाकडे आल्यापासूनच्या पाच महिन्यांत तो त्यांनी नातीलाही लावला होता. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. येत नसेल तर उभं राहून 'येत नाही' म्हणायचं. पण गप्प बसायचं नाही. आता मैत्री लाल नाकाने त्यांच्याकडे बघत उभी होती आणि जाईबाई गप्प होत्या. गेल्या तीन दिवसांतली ही दुसरी वेळ.

पहिली वेळ रविवारची, याच घरातली. सावनीच्या आईने, वीणाने, संक्रांतीच्या तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला होता. आठ-दहा बायका, पायमोजे घालून गालिच्यावर बसलेल्या, पुण्याच्या, मुंबईच्या, एक नाशिकची. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून कागदाचे पतंग चिकटवत होत्या. वीणाने जाईबाईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं होतं, पाठीशी उशी दिली होती. मुलगी चांगली होती, हे त्या तेव्हाही मनात म्हणाल्या होत्या आणि आताही म्हणत होत्या. तिच्या सासूबाई, सावनीची आजी, पुण्याहून आलेल्या, गोऱ्यापान, बोलायला गोड, शेजारी येऊन बसल्या. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" "भंडाऱ्याकडच्या." "अगबाई, लांबच्या की. आणि आडनाव रामटेके ना? ऐकलं नाही हो आमच्याकडे फारसं." मग वडीचा तुकडा तोंडात टाकून, अगदी सहज, "कुलदैवत कोणतं तुमचं?" बायकांचं बोलणं चालूच होतं. कुणी ऐकलंही नसेल. जाईबाईंच्या वडिलांनी ज्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव परडीत घालून नदीला सोडले होते. जाईबाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या आणि परडी वाहत जाताना त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. हे उत्तर त्यांनी जिल्हाभर दिलं होतं, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात, एकदा शिक्षणाधिकाऱ्याच्या तोंडावर. ते ओठांपर्यंत आलंही. तेवढ्यात जाईबाईंची सून, उपासना, समोरून म्हणाली, "काकू, वड्या काय खुसखुशीत झाल्यात हो. पाकाचा अंदाज कसा घेता?" आणि सावनीच्या आजी पाकाकडे वळल्या. जाईबाईंनी हसून एक वडी उचलली. तीळ दातात अडकला तो रात्रीपर्यंत निघाला नाही.

घरी येताना गाडीत, उपासनाकडून ऐकल्यावर, मुलगा अतुल म्हणाला, "आई, बरं झालं तू काही बोलली नाहीस." त्याने ते आरशात न बघता म्हटलं होतं. मग थोड्या वेळाने, "इथे लोक वाईट नाहीत गं. पण एकदा कळलं की हवा बदलते, यार. दिसत काहीच नाही." आधीच्या शहरातल्या नोकरीत चार मराठी मुलं रोज डबे उघडून एकत्र जेवायची, त्यात हाही असायचा. कुणीतरी कुठूनतरी याची जात शोधून काढली. कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त जेवायची वेळ साडेबाराची बारा झाली आणि ती याला कुणी सांगितली नाही. दोन आठवडे हा साडेबाराला जाऊन रिकाम्या टेबलाशी बसत होता. एवढंच. सांगायला गेलं तर सांगण्यासारखंही नाही. "मैत्रीला तेवढं नको," तो आवाज खाली आणून म्हणाला होता. "मोठी झाल्यावर मी सांगेन. आता नको. सावनीशिवाय तिला कोण आहे इथे मराठी बोलायला?" जाईबाईंनी मान हलवली होती. मागच्या सीटवर मैत्री काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. अकरा दिवसांनी जाईबाईंचं परतीचं विमान होतं. हृदयाच्या डॉक्टरने यापुढे एवढा लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. अतुल मोठी झाल्यावर सांगेन म्हणाला होता, आणि जाईबाईंना आपला मुलगा माहीत होता. तो सांगणार नव्हता. तो वेळ बदलत राहील, साडेबाराचे बारा, बाराचे अकरा. आणि त्या गेल्यावर सांगणारं या घरात कुणी उरणार नव्हतं.

निळं दार उघडलं. आतल्या गरम हवेबरोबर फोडणीचा वास बाहेर आला. खांद्यावर शाल ओढत वीणा दारात उभी होती. "अहो मावशी, एवढ्या थंडीत काय उभ्या राहिलात? आत या ना, आलं घालून चहा टाकते."

"नको गं, अंधार पडतोय. निघालोच आम्ही."

"मैत्री, सावनी स्विमिंगला गेलीये हं. सॅटरडेला ये तू, ती वाट बघतेय." मग तिचं लक्ष खाली गेलं. "अय्या, हिचे बूट कुठे गेले? आमच्या मोहनने आत्ताच मीठ मारलंय तिथे. पाय भाजतील ना तिचे."

"निघाले चालता चालता," जाईबाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

काखेतल्या बुटांवर त्यांचा दंड आणखी घट्ट झाला. वीणा हसली, म्हणाली, "आमचे हातमोजे असेच जातात, दर विंटरला चार जोड्या," आणि सांभाळून जा म्हणत दार लावून घेतलं. मैत्री आजीच्या काखेकडे बघत होती. जाईबाईंनी मिरीला उचलून घेतलं आणि तिघी कोपऱ्यापर्यंत गेल्या, बसथांब्याच्या काचेच्या आडोशाला. एक बस वाफ सोडत निघून गेली. बसमध्ये विद्यापीठाची मुलं कानात गाणी ऐकायची बोंडं घालून उभी होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फोनवर तापमानाचा आकडा नऊ होता. इथल्या मापात नऊ म्हणजे आपल्या मापात उणे तेरा, हे त्यांनी मैत्रीकडूनच शिकून घेतलं होतं. मिरीचा मागचा पाय त्यांच्या तळहातात होता. तळव्याची भेग उलली होती आणि हातमोज्याच्या राखाडी लोकरीवर रक्ताचा एक ठिपका उमटला होता, मोहरीएवढा.

थंडी आणि चटका एकसारखेच लागतात, हे त्यांना इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्यांदा हातमोजा न घालता लोखंडी कठडा धरला तेव्हा त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला होता. आणि तेव्हाच, क्षणभर, तळपायांना काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं. काय ते त्यांनी बघितलं नव्हतं. तिकडे बघायचं नाही, ही सवय साठ वर्षांची होती. तो एप्रिल होता. चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा तालुक्याला होती आणि गावातून त्या एकट्याच बसणार होत्या. बाबा विड्या वळायचे. त्यांची बोटं इतकी चपळ होती की पान, तंबाखू, दोरा हे वेगवेगळे दिसायचेच नाहीत, एकदम विडीच दिसायची. त्यांनी कुठून कसे कोण जाणे, तपकिरी कॅनव्हासचे बूट आणले होते, नाडीचे. गावात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पोरांखेरीज कुणाच्या पायात तसे नव्हते. परीक्षेच्या दिवशी बाबांनी लहानग्या जाईला पायरीवर बसवून ते तिच्या पायांत घातले, नाडीला विडीच्या दोऱ्याची सुबक गाठ मारतात तशी गाठ मारली, आणि दोघं एसटी धरायला निघाली. थांब्याकडे जायला एकच वाट होती, मालगुजाराच्या घरावरून. त्या ओसरीसमोरून आपल्या वस्तीतलं कुणी पायात घालून जात नसे. चपला हातात. ते कधी कुणी सांगितलेलं नव्हतं, पाटी नव्हती, ओसरीवर त्या वेळी माणूसही नव्हतं, एक रिकामी बाज होती नुसती. बाबा वळणावर थांबले. त्यांनी आपल्या चपला काढून काखेत घेतल्या. मग तिच्यासमोर उकिडवे बसले. "दोनच मिनट, बाई," ते म्हणाले.

त्यांनी देव सोडले होते, पण ही पन्नास पावलं त्यांच्याच्याने सुटली नव्हती. हे तर जाईबाईंनी पुढे कितीतरी वेळा स्वतःला समजावलं. बापाला एक दिवस धड पार पाडायचा होता, पोरगी परीक्षेला पोचवायची होती, त्याने भांडण टाळलं. यात त्यांना काही अवघड नव्हतं. रिकाम्या बाजेसमोरून जाताना तापलेल्या फुफाट्याने तळवे भाजले, पलीकडच्या वळणावर बाबांनी उपरण्याने तिचे पाय पुसले, फुंकर घातली, बूट पुन्हा चढवले, तीच सुबक गाठ मारली. पेपर चांगला गेला. ती जिल्ह्यात सातवी आली आणि बाबांनी वस्तीत गूळ वाटला. बाबा जाऊन किती वर्षं झाली. हे सगळं त्यांनी ना नवऱ्याला सांगितलं ना अतुलला, आणि ते मालगुजारामुळे नाही. जे सांगता आलं नाही ते एवढंसं होतं. बाबा खाली बसले तेव्हा त्यांचा हात अजून नाडीला लागला नव्हता. ते वर बघत होते, तिच्या तोंडाकडे, जणू ती नाही म्हणेल आणि मग आपण काय करायचं ते त्यांना ठरवावं लागेल. आणि तिने, दहा वर्षांच्या जाईने, आपला पाय आपणहून उचलून त्यांच्या हातात दिला होता.

"आजी. तू खोटं बोललीस," मैत्री म्हणाली. "सावनीच्या आईला. वन केम ऑफ. थ्री तू काढलेस. मी बघत होते."

"हो."

"व्हाय?"

जाईबाईंनी काखेतून बूट काढले. ते आता एकमेकांना चिकटून गोठायला लागले होते. अतुलचं तोंड डोळ्यांसमोर आलं, गाडीच्या आरशात न बघणारं. त्यांनी मनात त्याला सांगितलं, बाबू, मी सांगितलं नाही तर हिला हे कळणार नाही असं नाही, हिला ते माझ्या हातांवरून कळेल. आत्ताच कळलंय. फक्त नाव माहीत नाही. मग बाकावरचं बर्फ झटकून त्या बसल्या, मिरीला कोटाच्या आत घेतलं, आणि सांगितलं. वर्गात सांगत तसं सांगितलं, सावकाश, अवघड शब्द न घालता. विड्या, बूट, वळण, रिकामी बाज. कुणाच्या चपला पायात आणि कुणाच्या हातात, हे जन्मावरून ठरायचं ते. देव नदीला का सोडले ते. कुलदैवत विचारतात तेव्हा पुष्कळदा काय विचारायचं असतं ते. सांगताना आवाज एकदाच कापला, आणि तो भलत्याच ठिकाणी, बाबांनी फुंकर घातली तिथे.

मैत्रीने नाकाचा शेंबूड हातमोज्याने पुसला. मग म्हणाली, "तिथे कोणीच नव्हतं? त्या कॉटवर?"

"कोणी नव्हतं."

"मग तू काय केलंस?"

"मी पाय पुढे केला."

पोर त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत दया असती तर जाईबाईंना सोसली असती. तिथे शाळेतल्या मुलीचा राग होता, बाईंनी फळ्यावर गणित चुकवल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तोंडावर येतो तसा. "आणि रविवारी पण," ती म्हणाली. "सावनीच्या आजीने विचारलं. आय वॉज ऑन द स्टेअर्स. तू काहीच नाही बोललीस. तू वडी खाल्लीस."

"हो."

"मला तर तू उभं करतेस. येत नसेल तरी बोल म्हणतेस."

"हो गं बाई. म्हणते."

"त्या आजी वाईट आहेत का?"

जाईबाईंनी विचार केला. इथे खोटं बोलायला जागा नव्हती. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सहज विचारलं असेल. सहजच विचारतात सगळे. तुझ्या बाबाला तेवढ्याचीच भीती वाटते. कळल्यावर सावनी शनिवारी बोलवेल, की नाही बोलवणार, ते मला सांगता येत नाही. म्हणून तो नको म्हणतो."

मैत्रीने बुटांची गड्डी त्यांच्या मांडीवरून उचलली. मग कोटाच्या आत हात घालून मिरीला बाहेर काढलं. मिरी थरथरत होती. "कुठे निघालीस?" जाईबाई म्हणाल्या. "घर इकडे आहे."

"शी आस्क्ड," मैत्री म्हणाली. "कोणीतरी आन्सर द्यायला पाहिजे ना."

ती मिरीला पोटाशी धरून आल्या वाटेने परत गेली, मळक्या ढिगांच्या मधून, तिची निळी टोपी वर-खाली होत. जाईबाई उठल्या. निदान उठायचं त्यांच्या मनात आलं. तोंड उघडलं, हाक मारायची होती, नको, चल घरी, बाबा रागावेल, आणि ओठांवर जे आलं ते त्यांचं नव्हतं, ते साठ वर्षांपूर्वीचं होतं, विडीच्या तंबाखूचा वास असलेलं, दोनच मिनट, बाई. त्यांनी तोंड मिटलं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. निळ्या दाराच्या खिडकीत पडद्यामागे कुणीतरी उभं असावं, किंवा नुसता पडदाच असावा. ओसरीवरची बाजही अशीच दिसायची, माणूस नसताना माणसासारखी.

मैत्री बरोबर त्याच जागी बसली जिथे बूट निघाला होता. बर्फात, फतकल मारून. मफलर सोडून तिने मिरीचे तळवे एकेक करून पुसले, भेगेतला मिठाचा खडा नखाने काढला, तोंडाजवळ धरून वाफ दिली. मिरीने सवयीने पाय उचलून पुढे केला. इतक्या लांबूनही जाईबाईंना तो उचललेला पाय दिसला आणि त्यांनी मान वळवली, मग पुन्हा बघितलं, कारण बघायला हवं होतं. मैत्रीने पहिला बूट चढवला, पट्टी ओढली. दुसरा. तिसरा. मागचा उजवा, सैल झालेला, तिने दोनदा काढून दोनदा बांधला. घाई केली नाही. मग उठली, मिरीला खाली ठेवलं, आणि चार लाल बुटांचा टपटप आवाज करत ती काळी कुत्री तिच्याबरोबर मिठावरून दारापर्यंत चालत गेली. तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर मैत्रीने टोपी काढून खिशात घातली आणि दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवून उभी राहिली, आजीने शिकवलं होतं तशी. तिचे ओठ इथून दिसत नव्हते. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि मग उत्तर, या क्रमाने ती म्हणून बघत असणार.

मग तिने एक हात उचलला आणि बेल दाबली.